दुकानबोली घरात आली

दसरा जवळ आला की आता माझं शिवणात लक्ष लागत नाही. मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या समोरच्या बायजाबाईंच्या घरात जे झालं ते ऐकून मी होते तिथेच फरशीवर बसले. ते लिहायचं ठरवलंय, आणि नीट लिहायचं तर सुरुवात दुकानापासून करावी लागते.

नागपूरच्या सीताबर्डीवर एका साड्यांच्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटरमागे उभी होते. मालक सिंधी. हिशेबाला बसणारे मुनीमजी बिकानेरकडचे. ड्रेस मटेरियल विकणारा अश्विन छिंदवाड्याचा, आणि साड्यांवर आम्ही बाया, कुणी उमरेडची, कुणी हुडकेश्वरची. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्याच्याबद्दलच बोलायची वेळ दिवसातून पन्नासदा येते. ही घेणार नाही, उगाच घड्या मोडू नको. पैसे हिच्याकडे नाहीत, लेकीकडे आहेत, तिला दाखव. हे मराठीत बोलता येत नाही आणि हिंदीत तर नाहीच नाही. नागपुरात हिंदी कुणाला कळत नाही? मग मालकाच्या घरातले दोन शब्द, मुनीमजींचा एक, आमचे चार, असं होत होत एक बोली तयार झाली होती. मी कामाला लागले तेव्हा ती होतीच. कुणी केली ते कुणालाच सांगता यायचं नाही.

मालक फोनवर बायकोला 'कोन्हे' म्हणत, म्हणजे नाही. तो शब्द आम्ही उचलला. 'माठ' म्हणजे गप्प, तोही त्यांचाच. 'घणी' म्हणजे पुष्कळ, तो मुनीमजींचा; आम्ही तो महाग मालाला लावला. वयस्कर गिऱ्हाईक बाई म्हणजे 'नऊवारी', मग ती पंजाबी ड्रेस घालून आली तरी नऊवारीच. ब्लाउजपिसाचं थान, म्हणजे तागा, विकता विकता संपलं आणि आतली लाकडी फळी उघडी पडली, की 'फळी निघाली'. शब्द चहूकडचे, पण त्यांना शेपट्या आमच्या लागायच्या. "नऊवारीले घणी कोन्हे," म्हणजे हिला महागाचं काढू नको, असं आमची वंदना हसतमुखाने म्हणायची, आणि समोरच्या बाईला वाटायचं, आपल्या निवडीचं कौतुक चाललंय.

माझी एक नणंद पुण्याला असते. "तुमची नागपूरची मराठी हिंदीने नासवली," असं दर फेरीला ऐकवते. मला भयंकर राग येतो. नासायला ते दूध आहे का? माणसं शेजारी शेजारी उभी राहून दिवसभर काम करतात, तेव्हा एकमेकांचे शब्द घेतातच. डबा एकत्र खाताना कुणाची भाजी कुणाच्या ताटात गेली, हे कोण बघत बसतं?

वंदना गजभिये आमच्या काउंटरवरची सगळ्यांत जुनी. दुकान सोडून मी घरी ब्लाउज शिवू लागले, पण हुडकेश्वरला आमची घरं समोरासमोर असल्यामुळे आमचं जाणं-येणं रोजचं राहिलं. तिच्या घरी चौघं. ती, तिचा नवरा संघपाल, कॉलेजात जाणारी मोनाली आणि सासू बायजाबाई. मोनाली लहान असताना शाळा सुटली की दुकानात येऊन साड्यांच्या गठ्ठ्यांमागे अभ्यास करायची. ती दुकानबोली आमच्यापेक्षा फाडफाड बोलू लागली. संघपाल ऑटो चालवतो. बायकोला न्यायला यायचा, मालक सोडेपर्यंत दाराशी थांबायचा, त्यात तोही शिकला.

मग बायजाबाईंपासून काही लपवायचं असलं की तिघं घरातही दुकानबोलीत शिरू लागले. सुरुवातीचं कारण गोड होतं. बायजाबाईंना शुगर. "डब्यात पेढे हायेत, नऊवारीले कोन्हे," असं वंदना मोनालीला सांगायची. बायजाबाई दाराशी सूप घेऊन डाळ निवडत बसलेल्या असायच्या. वरसुद्धा बघायच्या नाहीत. त्यांच्या डोक्यावरून सगळं जातंय असंच आम्ही धरून चाललो होतो.

खरं म्हणजे त्यांचं आयुष्य आम्हाला माहीत होतं. तरी आम्ही असं धरून चाललो, याचंच मला आता नवल वाटतं. बायजाबाई सात-आठ वर्षांच्या असताना बापाचं बोट धरून दीक्षाभूमीवर आल्या होत्या. त्या दिवसापासून घरात नवा धम्म आला आणि नवे शब्दही आले. अक्षरओळख नव्हती, तरी पाली भाषेतलं त्रिशरण-पंचशील त्यांनी नुसतं ऐकून पाठ केलं आणि गावातल्या पोरींकडून म्हणवून घेतलं. लग्न होऊन नागपुरात आल्या, इमारतींच्या कामावर घमेली उचलू लागल्या. बरोबरच्या बाया छत्तीसगडच्या. थोड्याच दिवसांत बायजाबाई त्यांच्यासारख्या इतक्या बोलू लागल्या की मुकादम त्यांनाही रायपूरकडचीच समजत होता. नवरा बळीराम लवकर गेला. दोन्ही मुलं त्यांनी घमेल्यावर वाढवली.

थोरला संघपाल. धाकटा प्रेमानंद भिलाईला कारखान्यात लागला आणि तिथलाच झाला. लग्न केलं नाही. तिकडे राहून त्याची बोली पार पालटली. फोनवर "का करत हस, माय?" म्हणायचा, म्हणजे काय करतेस, आणि बायजाबाई घमेल्याच्या दिवसांतली छत्तीसगडी काढून त्याला उत्तर द्यायच्या. मायलेकाचं अर्धं बोलणं त्या बोलीत, अर्धं आमच्या. घरातल्यांना त्यातलं धड काही कळायचं नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला, प्रेमानंद न चुकता यायचा आणि मायला घेऊन दीक्षाभूमीवर जायचा. तो दिवस बायजाबाईंचा. त्यासाठी त्या पांढरं पातळ वेगळं ठेवायच्या.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वाचल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी वंदनाला बाजूला घेऊन सांगितलं, आता यांच्या जिवाला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. वंदनाने त्याची मनाशी गाठ बांधली.

आणि श्रावणात एका सकाळी मी वंदनाचा ब्लाउज द्यायला गेले, तर संघपाल कानाला फोन लावून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. बघता बघता तो भिंतीला पाठ घासत खाली बसला. वंदनाने फोन घेतला, ऐकला, ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज गिऱ्हाइकाशी बोलावा तसा सरळ. मोनालीकडे बघून म्हणाली, "माठ. काकाची फळी निघाली. नऊवारीले कोन्हे."

दुकानबोलीत मरणाला शब्दच नव्हता. लागणार कशाला? त्यामुळे मला क्षणभर अर्थच लागला नाही. प्रेमानंद झोपेतच गेला होता. शेहेचाळीस वर्षांचा, धडधाकट माणूस. मी बायजाबाईंकडे पाहिलं. त्या दाराशी होत्या, आमच्यापासून चार पावलांवर. सुपातला एक खडा उचलून त्यांनी बाहेर टाकला. मग दुसरा उचलला.

"का झालं गा, संघपाल?" त्यांनी विचारलं.

"काई नाई माय. दोस्त होता एक ऑटोवाला. गेला."

"बापा!" बायजाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा सुपात बघू लागल्या.

दोस्ताच्या गावी जाऊन येतो असं सांगून नवरा-बायको भिलाईला गेले. माती तिकडेच, मागाहूनचा जलदानविधीही तिकडेच. मी मोनालीच्या सोबतीला राहिले. त्या दिवशी बायजाबाई दोन्ही वेळा जेवल्या नाहीत. "मले भूक नाई वं नंदिनी, दवाईनं तोंड कडू झालं," म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. तेव्हापासून त्यांना ऐकूही कमी येतंय असं वाटू लागलं. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागायची.

पुढचे दोन महिने त्या घरात जाणं मला नकोसं व्हायचं. दुकानबोली आता पेढ्यांपुरती राहिली नव्हती. जलदानाला ते 'घडी' म्हणू लागले, कारण दुकानात सगळं दाखवून झालं की शेवटी घड्याच घालायच्या असतात. रडण्याला 'रंग सोडणं'. वंदनाचे डोळे भरले की मोनाली हळूच म्हणायची, "आई, रंग नको सोडू." साड्या विकायला जमवलेल्या त्या हसऱ्या शब्दांत ते एका मेलेल्या माणसाबद्दल त्याच्या आईसमोर बोलत होते, आणि आई तिथेच बसून डाळ निवडत होती. मला ते ऐकवत नव्हतं. नातेवाइकांना येऊ नका म्हणून कळवलं होतं. गल्लीतल्यांना दम दिला होता, आणि प्रेमानंदचा फोन बिघडलाय असं बायजाबाईंना सांगून ठेवलं होतं.

मी एकदा वंदनाला गच्चीवर गाठून म्हटलं, "सांगून टाक आता. हे पाप हाय."

ती माझ्यावर उसळली. "डॉक्टरनं का म्हणलं ते तू नाई ऐकलं, मी ऐकलं. घरातला एक मानूस गेला. दुसरं मी नाई जाऊ देत. तुले जमत नसन तं येत नोको जाऊ." तिचंही चुकत नव्हतं.

दसरा जवळ येऊ लागला तशी सगळ्यांची झोप उडाली. बायजाबाई रोज विचारत, "प्रेमानंद कवा येते गा?" पांढरं पातळ धुऊन वाळत घातलं होतं. शेवटी संघपालने तोडगा काढला. भिलाईला प्रेमानंदच्या खोलीत टीकाराम नावाचा त्याच्याच कारखान्यातला माणूस राहत होता. तिकडचाच, बोली तीच, आवाजही बराचसा तसाच. त्याने प्रेमानंद म्हणून फोन करायचा आणि यंदा सुटी मिळाली नाही म्हणून सांगायचं. टीकाराम आधी नाहीच म्हणत होता. वंदनाने फोनवर त्याच्या अक्षरशः पाया पडून कबूल करवलं. घरात हे ठरवणं मात्र दुकानबोलीतच, बायजाबाईंच्या देखत झालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला. मी मुद्दाम थांबले होते. काही झालं तर ऑटोत घालून दवाखान्यात न्यायला आणखी एक माणूस हवं. जिभेखाली ठेवायची गोळी संघपालच्या खिशात होती. बायजाबाईंनी फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. मग बायजाबाई त्याच्या बोलीत म्हणाल्या, "हव बेटा. छुट्टी नई मिलिस त का होगे?" पुन्हा ऐकत राहिल्या. मग हळू आवाजात, लहान मुलाला थोपटावं तसं, "संसो झन कर. भात खाए हस? बने रहिबे." काळजी करू नको, जेवलास का, नीट राहा. एवढं मलाही कळलं.

त्यांनी फोन खाली ठेवला. त्यांना काही झालं नव्हतं. संघपालने तोंडावरून हात फिरवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी मोनालीला श्वास सोडताना पाहिलं. वंदना माझ्याकडे वळून दुकानातल्यासारखी हसली आणि म्हणाली, "नऊवारीनं माल घेतला."

"नऊवारीनं माल नाई घेतला वं, वंदना."

आवाज बायजाबाईंचा होता. त्या पदराचं टोक दुमडत होत्या, वर बघितलंच नाही त्यांनी.

"प्रेमाची फळी निघाली," त्या म्हणाल्या. "श्रावणातच निघाली. मले त्याच सकाळी समजलं."

मी खाली बसले ती तेव्हा. ती सकाळ तशीच्या तशी डोळ्यांपुढे आली. ते सूप. तो एक खडा, मग दुसरा. लेक गेल्याचं ऐकून ही बाई खडे वेचत बसली होती, आणि मी चार पावलांवर उभी राहून म्हणत होते, बरं झालं, हिला कळलं नाही.

वंदना म्हणाली, "आई... तुम्हाले... ही बोली..."

"काहून? माह्याच घरात बोलून राहिले होते नं तुम्ही?" बायजाबाई म्हणाल्या. "पेढ्याच्या डब्यापासून समजते मले. अर्धे पेढे मी खाल्ले, बोलनी मोनालीनं खाल्ली."

कुणी हसलं नाही. मोनाली भिंतीला चिकटून उभी होती.

संघपालने विचारलं, "मंग माय, तू रोज विचारत काहून होती? कवा येते, कवा येते?"

"न विचारती तं तुम्हाले समजलं असतं, मले मालूम हाय म्हणून. डॉक्टरनं भेव घातला होता तुम्हाले. ही वंदना न्हाणीत नळ सोडून रंग सोडत जाय. मले सारं ऐकू ये. म्हणलं, एवढा जीव टाकून राहिली माह्यासाठी, तं राहू दे हिचं मन. मी मेली असती तं तिनं जल्मभर सोताले दोष देल्ला असता."

"अन् आता फोनवर?" वंदना कशीबशी म्हणाली. "तो तुमचा लेक नोयता, मालूम होतं, तरी बोलल्या?"

"तो बी कोनाचा तरी लेक हाय नं वं. माह्या पोरासंग एका खोलीत राह्यला. बोलता बोलता त्याचाच गळा भरून आला. म्हणून म्हणलं, संसो झन कर."

संघपाल सरकत सरकत गेला आणि त्याने मायच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा मोठा बाप्या, लहान पोरासारखा. बायजाबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारू लागल्या. एकेक प्रश्न त्यांनी दोन महिने पोटात जपून ठेवला होता.

"घडी नीट झाली का गा?"

"झाली माय."

"त्रिशरण कोनं म्हणलं?"

"तिकडचे भंतेजी होते."

"पानी कोनं देल्लं?"

"म्या अन् वंदनानं."

"त्याचं तोंड कसं होतं?"

संघपालने तोंड मायच्या मांडीत लपवलं. "झोपल्यावानी," वंदना म्हणाली.

बायजाबाईंनी मान हलवली. मग आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, परवानगी मागावी तसं, आणि म्हणाल्या, "लय दिस पक्का रंग धरून बसली मी. आता मले बी रंग सोडू द्या."

असं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही. तोंडाला पदर लावला नाही त्यांनी. आधी आमच्या बोलीत, मग प्रेमानंदच्या त्या तिकडच्या बोलीत त्याला हाका मारत राहिल्या. गल्लीतल्या बाया धावत आल्या. संघपाल हातात गोळी धरून उभा होता आणि वंदना बायजाबाईंच्या पाठीवर हात ठेवून "आई, आई" एवढंच म्हणत होती. गोळी लागली नाही. ज्या धक्क्याची आम्हाला धास्ती होती, तो तर त्यांनी एकटीने, आमच्या देखत, कधीच पचवला होता. दुसऱ्या दिवशी त्या पांढरं पातळ नेसून दीक्षाभूमीवर गेल्या, संघपालचा हात धरून.

त्यानंतर दुकानात काही बदललं. वंदना काउंटरवर 'फळी निघाली' म्हणेना. थान संपलं की नुसतं 'कोन्हे' म्हणायची. तिचं बघून बाकीच्यांनीही तो शब्द टाकला. मिनल नावाची नवी मुलगी लागली आहे, तिला फळी हा शब्द माहीतच नाही.

घरात तर तिघांपैकी कुणीही दुकानबोलीचं नाव काढत नाही. बोलतात त्या एकट्या बायजाबाई. ज्यांच्यापासून लपवायला ती बोली घरात आणली, त्यांच्याच तोंडी ती राहिली आहे. मागच्या आठवड्यात मी गेले तर वंदना प्रेमानंदच्या फोटोसमोर पाठमोरी उभी होती, खांदे आखडून. बायजाबाई दाराशी डाळ निवडत होत्या. सुपातून वर न बघता म्हणाल्या, "नळ नोको उघडू, वंदना. इथंच सोड रंग. मी हाय."